वर्दी आणि शहानिशा

युद्ध पुकारले जाऊन तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी एसेक्सच्या किनाऱ्यावर वेस्ट मर्सीनजीक परकी विमाने येत असल्याची वर्दी आली, आणि तिची शहानिशा होण्यापूर्वीच नॉर्थ वील्डच्या हरिकेन विमानांनी व पाठोपाठ हॉर्नचर्चच्या स्पिटफायर विमानांनी आकाशात झेप घेतली. पुढे जो उलगडा मांडण्यात आला त्याप्रमाणे, कॅन्यूडन येथील रडार केंद्रातील समोरचे व पाठीमागचे विमान यांतील भेद ओळखणारी यंत्रणा बिघडल्यामुळे पश्चिमेस उडणारी स्वकीय विमाने पूर्वेकडून, समुद्रावरून चालून येणारी म्हणून नोंदली गेली. म्हणजे जितकी विमाने शोधार्थ धाडावीत तितकी शत्रूची संख्या वाढत जावी, असा तो भयंकर फेरा होता. शत्रूचे एकही विमान नसलेल्या त्या आकाशात स्पिटफायरनी दोन हरिकेन पाडली, आणि मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक आपल्याच पक्षाच्या गोळ्यांनी प्राणास मुकला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना लष्करी न्यायालयाने निर्दोष ठरविले, ते माझ्या मते उचितच झाले. कारण कसूर त्यांच्या नेमबाजीत नव्हती, वर्दी आणि हुकूम यांच्या दरम्यान जी पडताळणी व्हावयास हवी होती तिच्यात होती.

ही पडताळणी ज्या दालनात चाले ते बेंटली प्रायरी येथील फिल्टर रूम त्या वेळी नवखे होते. रडार केंद्र अंतर बरेच अचूक सांगे, परंतु दिशेविषयी त्याचा भरवसा धरवत नसे. म्हणून एकाच विमानासंबंधी दोन केंद्रांनी कळविलेली अंतरे नकाशावर कंसरूपाने मांडून ते कंस जेथे छेदतील तेथे विमान आहे असे ठरवावयाचे, ते आपले की परके याचा अदमास घ्यावयाचा, आणि मगच ती खबर ऑपरेशन्स रूमकडे रवाना करावयाची, असा शिरस्ता होता. वायुदलाच्या महिला शाखेतील तरुणी युद्धकाळात हे जोखमीचे काम काही क्षणांच्या अवधीत करीत असत. त्यांचे ऋण वैमानिकांच्या ऋणाहून कमी लेखू नये.

संगणकांच्या जाळ्यात कोणी शिरल्याची वर्दी येते तेव्हाही प्रश्न तोच असतो. मार्च १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अमेरिकन वायुदलाच्या रोम प्रयोगशाळेत परवलीचे शब्द चोरणारे गुप्त प्रोग्रॅम सापडले, तेव्हा तपास अधिकाऱ्यांनी साऱ्या वाटा एकदम बंद न करता काही वाटा मुद्दाम खुल्या ठेवल्या, आणि ‘डेटास्ट्रीम काउबॉय’ या टोपणनावाने वावरणाऱ्या आगंतुकावर पाळत ठेवली. त्याचा माग दक्षिण अमेरिकेतील टेलिफोन केंद्रांतून वळसे घेत होता. एका खबऱ्यामुळे तो इंग्लंडात असल्याचे कळले, आणि स्कॉटलंड यार्डने त्याच्या टेलिफोनवर नजर ठेवली. याच सुमारास त्याने कोरियातील एका अणुसंशोधन संस्थेचा मजकूर उचलून प्रयोगशाळेच्या संगणकावर आणून ठेवला. ती संस्था उत्तर कोरियाची असती, तर अमेरिकन वायुदलाच्या संगणकावरून झालेली ही घुसखोरी युद्धकृत्य मानली जाण्याची धास्ती होती, कारण तेव्हा अणुकार्यक्रमावरून त्या देशाशी ताण विकोपास गेला होता. तहकीकातीत ती दक्षिण कोरियाची निघाली. ज्या अधिकाऱ्यांनी त्या घटकेस तर्कावर विसंबून न राहता आधी खातरजमा केली, त्यांच्याविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो.

१२ मे रोजी उत्तर लंडनमधील एका घरावर छापा पडला, आणि डेटास्ट्रीम काउबॉय हा १६ वर्षांचा मुलगा निघाला. त्याचा ‘कुजी’ नावाचा साथीदार मात्र बराच काळ सापडला नाही, व तो परकी हेर असावा असा संशय अमेरिकेत बळावला. १९९६ मध्ये तो कार्डिफचा एक तरुण असल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने लंडनच्या मुलास १,२०० पौंड दंड केला, आणि कार्डिफच्या तरुणावरील खटला सरकारने काढून घेतला.