लॉस एंजेलिसचा अल्पायुषी ‘सूर्य’

हरणारा संघ मोडला तर कोणास नवल वाटत नाहीं. परंतु वर्षभर सर्वांच्या पुढें राहिलेला संघ पांचच महिन्यांनीं नाहींसा व्हावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

१९९९ सालीं अमेरिकेच्या स्त्रियांनीं फुटबॉलचा जागतिक चषक जिंकला, तेव्हां पॅसाडिना येथें नव्वद हजारांवर प्रेक्षक जमले होते. त्या उत्साहाच्या बळावर २००१ मध्यें स्त्रियांची धंदेवाईक स्पर्धा निघाली. ती २००३ मध्यें द्रव्याभावीं बंद पडली. २००९ मध्यें सात संघांनिशीं दुसरा प्रयत्न झाला. त्यांतील लॉस एंजेलिसच्या संघाचें नांव होतें ‘सोल’. स्पॅनिश भाषेंत ह्याचा अर्थ सूर्य.

ह्या संघांत ब्राझीलची मार्ता होती. जगांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून तोंवर तिचा तीनदां गौरव झाला होता. जपानची आया मियामा व चीनची हान दुआन ह्याही होत्या. २९ मार्चच्या पहिल्या सामन्यास सुमारें १४,८०० प्रेक्षक आले. सोलनें वॉशिंग्टनला २–० असें हरविलें. वीस सामन्यांपैकीं बारा जिंकून आणि केवळ तीन गमावून संघ अग्रस्थानीं राहिला. मार्तानें सर्वांत अधिक, म्हणजे दहा गोल केले. २२ ऑगस्टच्या अंतिम सामन्यांत मात्र चौथ्या क्रमांकाच्या ‘स्काय ब्लू’नें एका गोलनें बाजी मारली.

खरा घात मैदानाबाहेर झाला. संघ चालविणाऱ्या कंपनीनें अंग काढून घेतलें, नवा मालक मिळाला नाहीं, आणि जानेवारी २०१० मध्यें संघ विसर्जित झाला. खेळाडू इतर संघांत वांटले गेले. मार्ता कॅलिफोर्नियांतील दुसऱ्या संघांत गेली; त्यानें त्याच वर्षीं अजिंक्यपद मिळविलें आणि लगोलग तोही मोडला. २०१२ मध्यें ती स्पर्धाच संपली.

खेळांत उणीव नव्हती. उणीव होती धीराची. तेथील पुरुषांच्या स्पर्धेलाही १९९६ पासून आरंभींचीं अनेक वर्षें मोठा तोटा आला. एके काळीं तिचे निम्म्याहून अधिक संघ एकाच उद्योगपतीनें सांभाळले, म्हणून ती जगली. सोल चालविणारी कंपनीही त्याचीच होती. परंतु स्त्रियांच्या वांट्याला एकच हंगाम आला.

तिसरी स्पर्धा २०१३ मध्यें सुरू झाली व टिकली. २०२२ मध्यें लॉस एंजेलिसमध्यें स्त्रियांचा धंदेवाईक संघ पुन्हा मैदानांत उतरला. रोप तेंच, मातीही तीच. ह्या खेपेस पाणी घालणारे थांबले, एवढाच फरक.