मुंबई विद्यापीठ आणि रसायनशास्त्रातील पीएच.डी. संशोधन : फोर्ट ते मुलुंड

प्रस्तावना

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ दीर्घकाळ प्रामुख्याने परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होते. त्यामुळे रसायनशास्त्रातील संशोधनाची संधी विद्यापीठाच्या कायद्यापेक्षा प्रयोगशाळा व मार्गदर्शक कोठे उपलब्ध आहेत यावर अवलंबून राहिली. या संधीची वाटचाल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१९३३ : दोन घटना

१९२० पासून फोर्ट भागातील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स हे विज्ञानाचे प्रमुख केंद्र होते. १९३३ मध्ये विद्यापीठाने स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. याच वर्षी मुंबईची रसायनशास्त्र पदवीधर कमला भागवत हिला स्त्री असल्याच्या कारणावरून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. आग्रहानंतर तो मिळाला, पण अटींवर. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. पुढे कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी नीरेसारख्या सामान्यांच्या आहारातील पदार्थांवर संशोधन करू लागले. प्रवेशासाठी झगडावे लागलेली विद्यार्थिनी स्वतः मार्गदर्शक झाली, तेव्हा इतरांसाठी संधी निर्माण झाली.

माटुंगा ते मुलुंड

१९३८ मध्ये डॉ. के. वेंकटरामन रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्यास आला. गिरण्यांच्या या शहरात रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्राला साहजिकच महत्त्व प्राप्त झाले. पुढे याच विभागात डॉ. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली ७१ विद्यार्थ्यांनी पीएच.डी. मिळविली.

उद्योग व संशोधन यांचे असेच सान्निध्य मुलुंडमध्येही दिसते. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या एस. एच. केळकर या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीमुळे हे उपनगर रसायन उद्योगाशी जोडले गेले. केळकर एज्युकेशन ट्रस्टने १९८४ मध्ये वझे महाविद्यालय सुरू केले. ट्रस्टच्या वैज्ञानिक संशोधन केंद्राला विद्यापीठाची मान्यता मिळाल्याने उपनगरातच पीएच.डी.चे काम करण्याची सोय झाली.

बदललेले चित्र

२००८ मध्ये माटुंग्याच्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये विज्ञान संस्था डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक झाली. अशा रीतीने दोन्ही जुनी केंद्रे मुंबई विद्यापीठापासून वेगळी झाली. परिणामी कालिना येथील रसायनशास्त्र विभाग व संलग्न महाविद्यालयांतील संशोधन केंद्रे यांची जबाबदारी वाढली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ पीएच.डी. विद्यार्थ्यांपर्यंतच मार्गदर्शन करता येते. म्हणजेच मान्यताप्राप्त मार्गदर्शक निवृत्त होऊन त्याचे पद रिक्त राहिल्यास केंद्रातील ४ ते ८ जागा कमी होतात.

निष्कर्ष

प्रयोगशाळेची मान्यता कागदावर टिकते, मात्र संशोधनाची परंपरा मार्गदर्शकांच्या साखळीतूनच टिकते. म्हणून महाविद्यालयांनी अध्यापकांची पदे वेळेवर भरणे आणि पात्र अध्यापकांनी मार्गदर्शक म्हणून मान्यता घेणे अगत्याचे आहे. तसे न झाल्यास उपनगरातील विद्यार्थ्याला संशोधनासाठी पुन्हा दूरच्या दारावर थांबावे लागेल.