साक्ष आणि अंदाज: नव्या संगीताच्या शिफारशीची कुळकथा

अनोळखी कलावंताचे नवे गाणे आपल्यापर्यंत आज दोन वाटांनी येते. एक तर कुणीतरी सांगते, ‘हे ऐक’; नाहीतर फोनवरचे अ‍ॅप आपल्या आधीच्या ऐकण्यावरून पुढचे गाणे समोर ठेवते. दोन्हींना आपण शिफारसच म्हणतो आणि दुसरी ही पहिलीची वेगवान, यांत्रिक आवृत्ती आहे असे धरून चालतो. इंडी आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. या दोन शिफारशींची कुळे वेगळी आहेत. पहिली साक्ष आहे: मी हे ऐकले, मला ते मोलाचे वाटले, आणि तुम्ही ते ऐकावे असे मी माझ्या नावावर सांगतो. दुसरी अंदाज आहे: तुमच्यासारखे ऐकणाऱ्यांना हे आवडले, तेव्हा तुम्हालाही आवडेल. ओळखीच्या परिसरातले संगीत शोधायला अंदाज फार उपयोगी पडतो. खरोखर नवे संगीत मात्र साक्षीवाचून रुजत नाही, असे ही कुळकथा सांगते.

साक्षीच्या कुळाचा एक ठळक पूर्वज न्यूयॉर्कमध्ये सापडतो. डेव्हिड मॅनक्युसो याने 1970 मध्ये आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नाचाच्या रात्री सुरू केल्या. ती जागा पुढे ‘द लॉफ्ट’ म्हणून ओळखली गेली. ब्रुकलिनमधल्या एका वेस्ट इंडियन रेकॉर्डच्या दुकानात त्याला कॅमेरूनच्या मनू दिबांगो याची ‘सोल माकोसा’ ही फ्रान्समध्ये छापलेली रेकॉर्ड मिळाली. हे गाणे फुटबॉल स्पर्धेसाठी काढलेल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होते. मॅनक्युसोने ते लॉफ्टमध्ये वाजवले, नाचणाऱ्यांनी शहरभर त्याचा शोध घेतला, मग रेडिओने ते उचलले, आणि 1973 मध्ये ते अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत 35 व्या क्रमांकापर्यंत गेले. तरीही नवी रेकॉर्ड मिळवण्यासाठी डीजेंना एकेका कंपनीच्या दारात ताटकळावे लागे. त्यावर उपाय म्हणून 1975 मध्ये मॅनक्युसो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल उभा केला. कंपन्यांनी पूलला नव्या रेकॉर्ड फुकट द्यायच्या, पूलने त्या सभासद डीजेंना वाटायच्या आणि डीजेंनी आपले मत व नाचणाऱ्यांचा प्रतिसाद लेखी कळवायचा, असा हा व्यवहार होता. ऐकणाऱ्याच्या शब्दाला किंमत आहे, हे व्यापारानेच इथे मान्य केले.

जवळपास त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये या कुळाची दुसरी शाखा फुटली. मँचेस्टरच्या बझकॉक्स या गटाने उसने पैसे घेऊन जानेवारी 1977 मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतःच काढली आणि मोठ्या कंपनीशिवाय हे जमते, हे दाखवून दिले. पण रेकॉर्ड छापणे सोपे झाले की प्रश्न उरतो तो ती कुणाच्या कानावर पडणार याचा. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिसने 1976 मध्ये उघडलेले ‘रफ ट्रेड’ हे दुकान त्याचे एक उत्तर ठरले. डॅनिएल मिलर 1978 मध्ये कॉर्ग सिंथेसायझरवर घरीच केलेली आपली रेकॉर्ड घेऊन तिथे गेला. दुकानातल्या लोकांनी ती तिथेच वाजवून पाहिली आणि वितरणाची जबाबदारी घेतली. त्या एका होकारातून ‘म्यूट’ ही कंपनी उभी राहिली आणि पुढे डेपेश मोड या गटाचे संगीत जगापुढे आले. दुसरे उत्तर होते बीबीसी रेडिओ 1 वरचा जॉन पील. 1967 पासून 2004 मधल्या मृत्यूपर्यंत तो तिथे आपल्या पसंतीच्या रेकॉर्ड वाजवत राहिला. 1978 मध्ये उत्तर आयर्लंडच्या अंडरटोन्स या गटाचे ‘टीनेज किक्स’ त्याने सलग दोनदा वाजवले. त्याचा कार्यक्रम अमेरिकन कंपनीचा मालक सेमूर स्टाइन ऐकत होता. त्याने लवकरच त्या गटाशी करार केला. इथे कुणी आवडीचा हिशेब मांडला नव्हता. एका माणसाने एक गाणे पुन्हा ऐकवण्याइतके महत्त्वाचे आहे असे ठरवले, एवढेच घडले.

साक्ष आणि अंदाज यांच्यातला भेद सर्वांत स्वच्छ दिसतो तो शिकागोत. रोलंड कंपनीचे टीबी-303 हे यंत्र बास गिटारची जागा घेण्यासाठी बनवले होते. ते काम त्याला नीट जमले नाही आणि 1984 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. फ्यूचर या गटातल्या तरुणांनी त्या यंत्राची बटणे वाजता वाजता फिरवून एक चिरका, वळवळता आवाज काढला आणि त्याची टेप ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबच्या रॉन हार्डीकडे नेली. त्यांच्यातल्या डीजे पियरने सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे: हार्डीने टेप लावली आणि नाचणारे बाजूला झाले, त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग पुन्हा, आणि चौथ्या वेळी तोच जमाव बेभान झाला. 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने ती रेकॉर्ड बाजारात आली आणि अ‍ॅसिड हाऊस हा प्रवाह सुरू झाला. या रात्रीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पहिल्या वेळचा प्रतिसाद हाच पुरावा मानला असता तर निकाल नकाराचा होता. साक्ष देणाऱ्याने तो पुरावा पाहिला आणि तरीही आपले म्हणणे सोडले नाही.

साक्षीदार न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. रोलंडची ज्युपिटर-8, टीआर-808 आणि तीच टीबी-303 ही यंत्रे वापरून त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. शिकागोतल्या तरुणांनी ती ऐकली होती असे मानायला आधार नाही. पण त्यांच्या काही वर्षे आधी त्याच यंत्रातून तसाच आवाज मुंबईत निघाला होता, हे आज कुणीही ऐकून पाहू शकतो. ती रेकॉर्ड तेव्हा खपली नाही आणि विसरली गेली. 2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात मिळाली, त्याने तिचा पाठपुरावा केला आणि 2010 मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. त्यानंतर उतारवयात सिंग यांनी युरोपातल्या श्रोत्यांसमोर ते राग वाजवले. संगीत 1982 मध्ये जेवढे चांगले होते तेवढेच 2010 मध्ये होते. मध्ये भर पडली ती एका साक्षीदाराची.

अंदाजाचे कूळ वेगळ्या घरातले. 1994 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांनी ‘रिंगो’ ही व्यवस्था सुरू केली. लोक ई-मेलने कलावंतांना 1 ते 7 गुण देत. रिंगो समान गुण देणाऱ्यांच्या जोड्या लावून पुढचे नाव सुचवत असे. गुण देण्यासाठी पाठवायच्या यादीत बहुतेकांना माहीत असलेल्या नावांबरोबर काही नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे कशीही निवडलेली असत. कारण ज्या कलावंताला कुणीच गुण दिलेले नाहीत तो या गणितात शिरूच शकत नाही, हे रचनाकारांना सुरुवातीपासून ठाऊक होते. स्पॉटिफायने 2015 मध्ये दर सोमवारी 30 गाण्यांची ‘डिस्कव्हर वीकली’ यादी द्यायला सुरुवात केली, तीही श्रोत्यांनी स्वतः रचलेल्या असंख्य याद्यांच्या आधारावर. म्हणजे अंदाजाला दाणापाणी साक्षीकडूनच मिळते.

यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की यंत्र आता गाण्याचा ध्वनीच तपासते, त्यामुळे कुणीही न ऐकलेले गाणेही ते सुचवू शकते. हे खरे आहे, आणि अज्ञात कलावंताला त्याचा फायदा होतो. पण ध्वनीची तपासणी साम्य शोधते, आणि नव्या प्रवाहाची ओळखच मुळी साम्य नसण्यात असते. शिवाय अ‍ॅपवर अर्ध्यातच सोडलेले गाणे नापसंतीच्या बाजूला पडते. चौथ्यांदा वाजवण्याचा आग्रह अ‍ॅपजवळ नाही. दुसरा आक्षेप असा की साक्षीदार मूठभर होते, मोठ्या शहरांतले होते, आणि त्यांच्या लहरीवर इतरांचे नशीब ठरे. हेही खरे, चरणजित सिंग यांना 28 वर्षे थांबावे लागले ते त्यामुळेच. मात्र यावर इलाज साक्षीदार वाढवणे हा आहे, त्यांना हटवणे नव्हे. तिसरा आक्षेप, साक्ष विकत घेता येते. अमेरिकेत रेडिओवर रेकॉर्ड वाजवण्यासाठी लाच दिली जात होती आणि 1959-60 च्या चौकशीत त्यावर बोट ठेवले गेले. पण वाजवणाऱ्याला नाव होते म्हणूनच त्याला जाब विचारता आला आणि न सांगता पैसे घेणे कायद्याने गुन्हा ठरले. कमी मानधन स्वीकारणाऱ्या कलावंताचे गाणे अधिक वेळा पुढे करण्याची सोय स्पॉटिफायने 2020 मध्ये जाहीर केली. तिथे एखादे गाणे समोर का आले, हे श्रोत्याने कुणाला विचारायचे?

म्हणून अ‍ॅप खुशाल वापरावे, पण शिफारशीचे काम त्याच्यावर सोपवून मोकळे होऊ नये. आज पुण्यात, नागपुरात, पणजीत घरच्या लॅपटॉपवर संगीत रचणाऱ्यांची गाणी प्रसिद्ध होण्यात अडचण राहिलेली नाही. वानवा आहे ती त्यांच्याबद्दल बोलणाऱ्यांची. एखादे नवे गाणे मनात राहिले तर नुसता दुवा पुढे ढकलू नका. त्यात काय ऐकावे ते दोन वाक्यांत लिहा, खाली आपले नाव घाला, आणि समोरच्याला पहिल्यांदा ते पटले नाही तर पुन्हा ऐकायला सांगा.