वजनकाटा आणि पाळणा

मागच्या भागात आपण विल्यम लॅम्टनबरोबर सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी उभे होतो. १० एप्रिल १८०२ रोजी त्यानं तिथे शंभर फुटांची पोलादी साखळी जमिनीवर अंथरली आणि हिंदुस्थानच्या मोजणीला सुरुवात केली. सुमारे बारा किलोमीटरची आधाररेषा मोजण्यासाठी ती साखळी जवळपास चारशे वेळा उचलून पुढे न्यावी लागली. उन्हानं पोलाद वाढतं, म्हणून जवळ थर्मामीटर ठेवून तो त्या वाढीचाही हिशेब करत होता. हे मी पुन्हा सांगतोय त्याला कारण आहे. आजही विषय मोजमापाचाच आहे, फक्त जमिनीऐवजी माणसाच्या शरीराचा.

मी हा भाग गिंडीतून बोलतोय. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मी इथे जवळच, माउंटच्या पायथ्याशी कॅडेट होतो. तेव्हा संस्थेचं नाव ओटीएस होतं, ओटीए हे नाव १९८८ साली आलं. त्या मैदानांवर मी जेवढा घाम गाळला तेवढा पुढच्या नोकरीत कुठेच गाळला नाही. आता आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त गिंडीत राहतात आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं वर्षातले सहा महिने त्यांच्याकडे असतो. पुढे जे सांगणार आहे ते दोघांच्या परवानगीनं. मुलगी म्हणाली, "बाबा, सांगा. पण तुमची चूकसुद्धा सांगा."

तर आधी चूक. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. वय ३४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. एका दवाखान्यात गेल्यावर तिला काट्यावर उभं केलं, आकडा कागदावर लिहिला आणि सांगितलं, आधी सत्तरच्या खाली या, मग बघू. भेट दहा मिनिटांत संपली. घरी येऊन ती खोलीत जाऊन बसली. मला हे हिच्याकडून कळलं. मुली अशा गोष्टी बापाला सांगत नाहीत, आईला सांगतात.

मी काय केलं? मोहीम हाती घेतली. पहाटे पाचला फॉलिन. भात बंद, तूप बंद, रविवारचं पोंगल बंद. संध्याकाळी वजन, वहीत नोंद. फौजेत वजन वाढलं की अधिकाऱ्याची मेडिकल कॅटेगरी खाली जाते, बढतीला धक्का बसतो, आणि मग तो निमूट धावायला लागतो. तेच इथे चालेल असं मला वाटलं. आठ महिन्यांत ८२ चे ७३ झाले. मग तिचा गुडघा दुखावला, ऑफिसात रात्रीचं काम आलं, आणि पुढच्या पाच महिन्यांत ७३ चे ७८. तेरा महिने गेले होते, दवाखान्याची पायरी पुन्हा चढलेली नव्हती. इथल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला जाणं तिनं सोडलं. तिथे ओटी भरताना कुणीतरी "यंदा तरी" म्हणायचंच. एका सकाळी मी हाक मारली तर म्हणाली, "बाबा, मी तुमची कॅडेट नाही."

त्यानंतर मी वही मिटली आणि पुस्तकं उघडली. मी डॉक्टर नाही, उपचार सांगायचा मला अधिकार नाही. पण 'आधी वजन उतरवा, मग मूल' हा हुकूम पहिल्यांदा कुणी काढला, कशाच्या आधारावर, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो मला पडला.

लठ्ठपणा आणि मूल न होणं यांचा संबंध फार जुना आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसच्या नावावरच्या हवा, पाणी आणि जागांविषयीच्या ग्रंथात सिथियन लोकांचं वर्णन आहे. हे लोक घोड्यावर आणि गाड्यांत आयुष्य काढणारे. त्यांच्या बायका स्थूल म्हणून त्यांना मूल होणं अवघड, आणि त्यांच्याच घरच्या दासी राबून सडपातळ म्हणून त्यांना लगेच दिवस जातात, असं लेखक म्हणतो. पण त्याच ठिकाणी तो सिथियन पुरुषांनाही सोडत नाही. सतत घोड्यावर बसून तेही निकामी होतात, असं त्याचं निदान.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ 'निंदित' शरीरांचा अध्याय आहे. अति उंच, अति ठेंगू, अति केसाळ, केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ आणि अति कृश. लठ्ठपणाचे आठ दोष तिथे सांगितलेत, आणि त्यांतला एक संबंधाच्या अडचणीचा आहे. कारण काय, तर शुक्र कमी आणि मेदानं वाटा अडलेल्या. म्हणजे चरक इथे बोट पुरुषाकडे दाखवतो! शिवाय लठ्ठपणाच्या कारणांत गोडधोड, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर त्यानं बीजाचा स्वभावही घातला आहे, म्हणजे जे आईबापांकडून आलं ते. उपायात जव, मूग, ताक आहे, आणि व्यायाम हळूहळू वाढवत नेण्याची सूचना आहे. पहाटे पाचच्या फॉलिनचा उल्लेख मला तरी सापडला नाही.

मग बोट बाईकडेच का वळलं? याचं उत्तर ग्रंथांपेक्षा घराघरांत आणि राजवाड्यांत आहे. आपल्या मालिकेत तंजावर वारंवार येतं. तिथला शेवटचा भोसले राजा शिवाजी, दुसऱ्या सरफोजीचा मुलगा. त्याला मुली होत्या, मुलगा नव्हता. डलहौसीच्या काळात मुलगा नसणं म्हणजे गादी जाणं. आधी सातारा गेलं होतं, मग नागपूर आणि झाशी गेली. या राजानं अखेरच्या वर्षांत एकाच दिवशी सतरा मुलींशी लग्न लावल्याचं तंजावरच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १८५५ मध्ये तो वारला, मुलगा झाला नाही तो नाहीच. कंपनीनं राज्याचा हक्क संपला असं ठरवलं आणि राण्यांचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १८५९ मध्ये तिथे हरला. प्रत्येक टप्प्यावर उपाय एकच, आणखी एक बाई आणा. राजाच्या तब्येतीचा प्रश्न दरबारात कुणी काढला असेल असं मला वाटत नाही.

वैद्यकाकडे परत येऊ. १७२१ मध्ये इटलीच्या आंतोनियो व्हॅलिस्नेरीनं एका तरुण, विवाहित, थोड्या स्थूल आणि मूल नसलेल्या शेतकरी स्त्रीबद्दल लिहिलं. तिचे बीजकोश मोठे, खडबडीत, पांढुरके आणि चकचकीत, कबुतराच्या अंड्यांसारखे होते. पुढे १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी अशा सात स्त्रियांची माहिती एकत्र छापली. पाळी अनियमित, बीजकोश फुगलेले. काही जणी स्थूल होत्या, सगळ्या नव्हत्या. आज घरोघरी ऐकू येणारं पीसीओएस ते हेच. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन वाढतं, त्यानं बीजकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि बीज पक्व होऊन सुटत नाही. चरबी वाढली की हे चक्र जोरात फिरतं, थोडी उतरली की सैल पडतं. म्हणजे वजनाचा संबंध खरा आहे, ते कुणी नाकारत नाही.

आता तो आकडा. बीएमआय. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. याचा जनक बेल्जियमचा अडॉल्फ केतले, आणि तो वैद्य नव्हता, खगोलशास्त्रज्ञ होता. १८३० च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. त्याला शोध होता 'सरासरी माणसा'चा. पुढे त्यानं पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचाही असाच अभ्यास केला. लठ्ठ कोण, आजारी कोण, हे त्याला ठरवायचंच नव्हतं. गर्दीचं वर्णन करायचं होतं.

या सूत्राला बीएमआय हे नाव मिळालं १९७२ मध्ये, अमेरिकेच्या अँसेल कीजकडून. फौजी माणसाला हे नाव दुसऱ्या कारणानं माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या खिशात असलेलं के-रेशन याच्याच अभ्यासातून आलं. कीजनं पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक लोकांवर हे सूत्र तपासलं आणि चरबीचा अंदाज घ्यायला ते बरं आहे असा निष्कर्ष काढला. हे सात हजार लोक सगळे पुरुष होते. ही ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला. ज्या आकड्यावर माझ्या मुलीला परत पाठवलं होतं, त्याचं नामकरण झालं त्या अभ्यासात एकही बाई नव्हती.

पुण्याचीही एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय नेमका २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा तोच, माणूस वेगळा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे वेगळे सावधगिरीचे टप्पे सुचवले. म्हणजे आपल्याकडे कमी आकड्यालाही धोका असतो. वजन हलक्यात घ्या असं मी म्हणतोय असा अर्थ कृपा करून काढू नका. लॅम्टननं आपल्या साखळीवर जेवढा संशय घेतला तेवढा तरी या काट्यावर घ्यावा, एवढंच.

आता मुख्य प्रश्न. वजन उतरवल्यानं मूल होतं का? १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉक्टरांनी स्थूल आणि मूल नसलेल्या स्त्रियांचे गट केले. सहा महिने दर आठवड्याला एकत्र व्यायाम, जेवणाविषयी बोलणं, एकमेकींना धीर देणं. १९९८ मध्ये आलेल्या निकालानुसार पूर्ण कार्यक्रम केलेल्या ६७ जणींचं वजन सरासरी दहा किलो उतरलं. त्यांपैकी ६० जणींचं बीज पुन्हा आपोआप सुटू लागलं, ५२ जणींना दिवस गेले आणि ४५ जणींना मूल झालं. हा निकाल जगभर गेला आणि 'आधी वजन' या सल्ल्याला मोठं बळ मिळालं. पण मध्येच सोडून गेलेल्या स्त्रियांचा हिशेब या आकड्यांत येत नाही, आणि गटाचा आधार किती, किलोंचा वाटा किती, हेही त्यातून वेगळं काढता येत नाही.

पुढे नेदरलँड्समध्ये याची नीट कसोटी लागली. २०१६ मध्ये ५७७ स्त्रियांचा अभ्यास छापून आला. बीएमआय २९ किंवा त्याहून जास्त. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला आधी सहा महिने आहार-व्यायाम आणि मग उपचार, दुसऱ्याला लगेच उपचार. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, निरोगी, एकच बाळ नैसर्गिक प्रसूतीनं होण्याचं प्रमाण पहिल्या गटात २७.१ टक्के आणि दुसऱ्यात ३५.२ टक्के. ज्यांनी वाट पाहिली त्या मागे राहिल्या! मात्र उपचाराशिवाय आपसूक दिवस जाण्याचं प्रमाण पहिल्या गटातच जास्त होतं. म्हणजे वजन उतरवणं वाया गेलं नाही, वाट पाहायला लावणं महाग पडलं. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांची भीती लठ्ठपणात वाढते हेही खरं, त्यामुळे डॉक्टर वजनाचा आग्रह धरतात तो उगाच नाही. पण पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा उतरत जातो आणि ते घड्याळ सहा महिने थांबवता येत नाही. चौतिशीतल्या बाईचे तेरा महिने आणि पंचविशीतल्या बाईचे तेरा महिने सारखे नसतात.

हे सगळं मी एका कागदावर लिहून मुलीला दिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "हे मला माहीत होतं, बाबा. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही." खरंच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टर, वयस्क तमिळ बाई, त्यांनी पहिल्या भेटीत तासभर दिला. थायरॉइड, साखर, सोनोग्राफी, सगळं. वजन आणि उपचार बरोबरीनं चालू द्या म्हणाल्या. मग जावईबापूंकडे वळून विचारलं, तुमची तपासणी कधी झाली? झालीच नव्हती. आधीच्या दवाखान्यात त्यांना काट्यावर उभंसुद्धा केलं नव्हतं. वजन निघालं ९६ किलो आणि शुक्राणूंची संख्या कमी. मूल होत नसलेल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं, हे त्या बाईंनी इतक्या सहज सांगितलं की जावई नुसते मान डोलवत राहिले. त्या रात्री ते माझ्याशेजारी गच्चीवर येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, सकाळी किती वाजता निघता तुम्ही?"

आता आम्ही चौघं जातो, सहा वाजता, उजाडल्यावर. वेग मुलगी ठरवते. परतताना कोपऱ्यावर इडली खातो आणि वही कुणी काढत नाही. तिचं वजन सध्या ७५ आहे, वय ३६. गेल्या महिन्यात एकदा आशा लागली होती, टिकली नाही. येत्या गुरुवारपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू होतील.

पुढच्या भागात परत लॅम्टन. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट दोर तुटून भिंतीवर आदळलं, आणि तंबूत बसून त्यानं ते सहा आठवडे स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं, त्याची गोष्ट सांगेन.