गाठीचे कूळ

पायात काटा रुतून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. जखम भरली की अवधाण जिरते आणि त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. न जिरणाऱ्या गाठींचा इतिहास मात्र मोठा आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. पण ही कथा रहस्यकथेसारखी आहे; फरक इतकाच की इथे संशयिताचे नाव चुकले तर प्राण रोग्याचे जातात.

1832 साली लंडनच्या गाइज रुग्णालयाचे संग्रहालय सांभाळणाऱ्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरांनी लसिकाग्रंथी सुजून दगावलेल्या सात रोग्यांची हकीकत मांडली. सूक्ष्मदर्शक त्यांनी वापरला नव्हता. डोळ्यांना दिसले तेवढे लिहिले. पुढे 1926 साली हर्बर्ट फॉक्स यांनी त्यांपैकी तिघांचे संग्रहालयात जपलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली घातले. दोघांना हॉजकिनचाच रोग होता. तिसऱ्याचा लिम्फोमा निराळ्या जातीचा निघाला. बरणीतल्या तुकड्याने 94 वर्षांनी साक्ष दिली!

तिसऱ्याची गोष्ट नावाच्या चुकीची. त्याहून चमत्कारिक प्रकार न्यूयॉर्कच्या मॉरिस रिश्टर यांनी 1928 साली नोंदला. लसिकापेशींच्या रक्तकर्करोगाने आजारी असलेल्या एका माणसाच्या ग्रंथींत मोठमोठ्या पेशींचा दुसराच आक्रमक कर्करोग सापडला. हे दोन रोग, की एकाच रोगाने घेतलेला दुसरा अवतार? प्रश्न उभा राहिला, पण उत्तराचे साधन नव्हते.

आपल्याकडे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले आणि तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाती आल्या. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. त्या काळी निदान म्हणजे रंगवलेली काचपट्टी आणि अनुभवी डोळा. डोळा कितीही तयार असला तरी त्याला मर्यादा होतीच. हेन्री रॅपापोर्टसारख्या नामांकित अमेरिकन तज्ज्ञाने मोठ्या पेशींच्या लिम्फोमांना ‘हिस्टिओसायटिक’, म्हणजे भक्षकपेशींचे, म्हटले. 1970 नंतरच्या दशकात कळले की त्यांतले बहुतेक लसिकापेशींचेच होते. चेहरा एकाचा, कूळ दुसऱ्याचे!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचेही असेच झाले. सभोवार काळा लाव्हाचा खडक, मध्ये विवर. तेव्हा ते ज्वालामुखीचे, असे पुष्कळांना वाटले. 1973 साली शास्त्रज्ञांनी प्रचंड आघातानेच होणारी काच तेथील खडकात दाखविली आणि विवर आकाशातून आलेल्या पाषाणाचे ठरले. मूळ कळते ते कणात.

पेशीच्या कणातली खूण ओळखण्याची युक्ती कोलर आणि मिल्स्टाइन यांनी 1975 साली दिली. एकाच खुणेला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी तयार होऊ लागली. बी-लसिकापेशीवर सीडी 20, भक्षकपेशीत सीडी 68 आणि सीडी 163, अशी जणू जातवार शिक्क्यांची वहीच झाली. मग एक कोडे पुढे आले. काही रोग्यांना आधी फॉलिक्युलर लिम्फोमा होई आणि नंतर भक्षकपेशींचा अतिदुर्मीळ सार्कोमा. शिक्के पूर्ण वेगळे, म्हणून रोगही दोन, असे वाटणे साहजिक होते. 2004 साली थॉमस ग्राफ यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या बी-पेशींना एका प्रथिनाच्या जोरावर भक्षकपेशी करून दाखविले. 2008 साली अँड्र्यू फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी अशा आठ रोग्यांच्या दोन्ही गाठी ताडून पाहिल्या. चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन झालेली जोडणी दोन्हींत होती. वेष बदलला होता, वंश तोच.

याने रोग्याला काय मिळाले? रिटुक्सिमॅब हे औषध सीडी 20 या खुणेलाच धरते. नव्या गाठीने ती खूण टाकली असेल तर औषधाला धरायला काही उरत नाही. म्हणून लिम्फोमा झालेल्या माणसाला पुन्हा गाठ आली की ‘जुनाच रोग उलटला’ असे घरबसल्या ठरवून चालत नाही. बहुधा तो उलटलेलाच असतो, हे खरे. कधी तो अधिक चपळ लिम्फोमा बनलेला असतो, आणि आपल्याकडे क्षयाची गाठही मानेतच येते. सार्कोमा क्वचितच. पण तुकडा काढून तपासल्यावाचून यातले काही ठरत नाही, आणि तपासणाऱ्याला पहिल्या रोगाची माहिती नसेल तर कूळ जुळवायचे कशाशी?

त्यासाठी जुना तुकडा लागतो. मेणाच्या वडीत तो वर्षानुवर्षे टिकतो. परळला जाणाऱ्या रोग्यांकडे जुन्या काचपट्ट्या आणि या वड्या मागतात, त्या म्हणूनच. मलकापूर किंवा शेगाव स्थानकावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी, आगपेटीहूनही लहान अशी ती वडी असते.