धाव : बैलगाडीच्या चाकापासून स्पोर्ट्स कारच्या टायरपर्यंत

१/ मराठीत ‘धाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सर्वांना ठाऊक आहे : धावणे. दुसरा आता विस्मरणात चालला आहे : बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेले लोखंडी कडे. टायर हा इंग्रजी शब्द आपल्या रस्त्यांवर येण्यापूर्वी त्या वस्तूला आपल्याकडे ‘धाव’ म्हणत. आजचा धागा या दुसऱ्या धावेविषयी आहे. वेगासाठी चाक केवढे असावे आणि त्यावर धाव कशी असावी, या प्रश्नाचा हा इतिहास आहे.

२/ निमित्त अगदी घरगुती आहे. एका मित्राने गेल्या महिन्यात आपल्या हॅचबॅकची १५ इंची चाके काढून १७ इंची अलॉय बसवली. गाडी देखणी दिसू लागली, यात वाद नाही. मात्र तिचा उठाव मंदावला, आणि नागपूरच्या पहिल्याच जोरदार पावसानंतर एका खड्ड्यात रिमची कड वाकली. “मोठे चाक म्हणजे अधिक वेग, हे चूक आहे का?” असे त्याने विचारले. उत्तर शोधायला मी इतिहासात शिरलो.

३/ सुरुवात विदर्भातूनच करू. काळ्या, चिकट मातीत ओझे वाहणाऱ्या गाडीचे चाक उंच असते. यामागे साधे भूमितीचे कारण आहे : व्यास जितका मोठा, तितका खड्डा किंवा दगड चाकाला लहान भासतो आणि बैलांना तो ओलांडणे सोपे जाते. शंकरपटाचा छकडा मात्र अगदी वेगळा असतो. तो जेमतेम एका धुरकऱ्याचा भार पेलेल एवढाच, आणि प्रत्येक भाग जमेल तितका हलका. एकाला ओझे न्यायचे आहे, दुसऱ्याला काही सेकंदांत पट गाठायचा आहे. सुतार प्रथम काम विचारतो आणि मग चाक घडवतो.

४/ धाव चढवण्याची कृतीही पाहण्याजोगी आहे. लोखंडी कड्याचा आतला घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवतात. कडे भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात. ते प्रसरण पावले की चाकावर ठोकून बसवतात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना कडे आकसते. तुंबा, आरे आणि पाटे एकमेकांत घट्ट आवळले जातात. म्हणजे धाव केवळ झिजेपासून राखत नाही, ती सबंध चाकाला एकजीव करते.

५/ आता रेल्वेकडे वळू. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा मार्ग नागपुरास पोहोचला. वाफेच्या इंजिनाचे चाक एकसंध नसे. मधल्या चाकावर पोलादी कडे तापवून चढवत आणि झिजले की बदलत. तत्त्व गावातल्या लोहाराचेच होते. इंग्रजीत त्या कड्यालाही टायरच म्हणत. रबराशी त्या शब्दाचा संबंध जुळण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे.

६/ चाकाच्या व्यासाचा खरा धडा इंजिनांनी दिला. दट्ट्याच्या एका आवर्तनात चाक एकदा फिरते आणि गाडी चाकाच्या परिघाइतकी पुढे जाते. दट्ट्या किती झपाट्याने हलू शकेल याला मर्यादा आहे. म्हणून वेग हवा तर मोठे चाक घ्यावे लागते. पण व्यास वाढला की रुळावरची ओढ त्याच प्रमाणात घटते. म्हणून ओझे खेचायचे तर लहान चाक घ्यावे लागते.

७/ भारतीय ब्रॉडगेजवरची दोन प्रसिद्ध इंजिने पाहा. १९४७ चे डब्ल्यूपी प्रवासी गाड्यांसाठी होते. त्याच्या चालक चाकांचा व्यास १७०५ मिलिमीटर. १९५० चे डब्ल्यूजी मालगाड्यांसाठी होते. त्याचा व्यास १५६२ मिलिमीटर. दोघांचा बाष्पक एकाच बनावटीचा. डब्ल्यूजीचे सिलिंडर किंचित मोठे होते, हे खरे. पण दोघांच्या स्वभावातला मोठा फरक चाकांनी घडवला. नागपूरकरांनी कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन सातपुड्याच्या अरुंद मार्गांवरच्या इंजिनांची बुटकी चाके या नजरेने एकदा अवश्य पाहावीत.

८/ मित्राच्या तक्रारीचा अर्धा उलगडा येथेच होतो. चाकाचा एकूण व्यास वाढवणे म्हणजे नकळत गिअर बदलणेच होय. इंजिन तेच, पण रस्त्यावरची ओढ कमी. डब्ल्यूजीला डब्ल्यूपीची चाके लावून मालगाडी ओढायला सांगितल्यासारखे ते आहे.

९/ यानंतर हवा आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पण काळ अनुकूल नव्हता. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना नव्याने शोधली आणि सायकलींमुळे ती रुजली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांची मोटार उतरवली. वाटेत इतकी पंक्चरे झाली की ठरलेल्या वेळेत ती परतू शकली नाही. शर्यत हरली, पण मुद्दा सिद्ध झाला : हवेवर मोटार चालू शकते.

१०/ टणक धाव धक्का जसाच्या तसा गाडीपर्यंत पोहोचवते. हवेचा टायर खडा गिळतो आणि स्वतः वाकून रस्त्याला चिकटून राहतो. चाक उसळले की त्या क्षणी ते ना वळवता येते, ना थांबवता येते. म्हणून वेगाचा पहिला नियम असा : चाक जमिनीवर राहिले पाहिजे. टायरची उंच बाजू ही स्प्रिंगच्या आधीची स्प्रिंग आहे.

११/ आता मुंबईत येऊ. जे. आर. डी. टाटा १९२९ मध्ये भारतात वैमानिकाचा परवाना मिळवणारे पहिले ठरले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचा आणखी एक नाद होता : बुगाटी. मुंबई-पुणे रस्त्यावर ती भरधाव नेण्याची त्यांची हौस चरित्रांत नोंदलेली आहे. त्या काळचा खंडाळ्याचा घाट आणि त्या काळचे टायर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या हौसेतली जोखीम कळते.

१२/ चाकांच्या इतिहासात बुगाटीचे स्थान मोठे आहे. १९२४ मध्ये एत्तोरे बुगाटी यांनी टाइप ३५ ही रेसिंग मोटार ल्यों येथील फ्रेंच ग्रां प्रीत उतरवली. इतर गाड्या तारांच्या आऱ्यांवर धावत असताना हिची चाके ओतीव ॲल्युमिनियमची होती. आठ चपटे आरे होते आणि ब्रेकचा ड्रम चाकाच्याच ओतीव भागात होता. चाक काढले की ब्रेक उघडा पडे. आजच्या अलॉय चाकाची ही मान्यवर पूर्वज.

१३/ निकाल काय लागला? ३ ऑगस्ट १९२४ रोजी त्या देखण्या मोटारींच्या टायरांची वरची पकडपट्टीच सुटू लागली. नव्या टायरांच्या रबराची पक्वप्रक्रिया सदोष होती. सर्वांत पुढची टाइप ३५ सातवी आली. गाडी तीच ठेवून टायर सुधारले, तेव्हा १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ बुगाटीने जिंकली. चाक कितीही उत्तम असो, अखेरचा शब्द धावेचा असतो.

१४/ हलक्या चाकाचे महत्त्व का? फिरणारी वस्तू दोनदा ऊर्जा मागते : पुढे जाण्यासाठी एकदा आणि फिरण्यासाठी पुन्हा एकदा. चाकाच्या कडेवरचे १ किलो वजन गाडीला वेग देताना जवळजवळ २ किलोंइतके भारी पडते. शिवाय चाक स्प्रिंगच्या खाली असते. ते जड असेल तर खड्ड्यानंतर रस्त्यावर परतायला उशीर करते. मोठ्या रिममध्ये धातू बहुधा अधिक असतो आणि तोही नेमका कडेला. उलगड्याचा उरलेला अर्धा भाग हा.

१५/ लहान चाकाने जग जिंकल्याचेही दाखले आहेत. १९५९ च्या मिनीची चाके अवघी १० इंची होती. तिने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. पुढे टिरेलने फॉर्म्युला वनमध्ये सहा चाकांची पी ३४ आणली. हवेचा अडथळा घटावा म्हणून पुढे १० इंची चार चाके. १९७६ ची स्वीडिश ग्रां प्री तिने जिंकली आणि दुसरा क्रमांकही तिच्याच जोडीदाराने पटकावला. पण १९७७ नंतर ती इतिहासजमा झाली. त्या आकाराचे टायर दुसरे कोणी वापरतच नव्हते. त्यामुळे त्यांची सुधारणा मागे पडली. कल्पना चांगली असूनही एकाकी पडली की काय होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको.

१६/ मग रुंदीचे काय? हवेचा दाब तोच असेल तर रुंद टायर रस्त्याला फार अधिक क्षेत्रफळाने टेकत नाही. टेकण्याचा आकार बदलतो. तो आखूड आणि रुंद होतो. त्याने वळणावर नेमकेपणा येतो आणि उष्णता अधिक रबरात वाटली जाते. किंमतही मोजावी लागते : साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगू लागतो. जुलैच्या विदर्भात हे ध्यानात ठेवावे.

१७/ इतिहासप्रेमींसाठी एक आनंदाची बाब : प्रत्येक टायर स्वतःच एक लेख आहे. १९५/५५ आर १५ असे कोरलेले असेल तर वाचन असे करावे. रुंदी १९५ मिलिमीटर. बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. रिम १५ इंच. एकूण व्यास सुमारे ५९६ मिलिमीटर. मित्राने बसवले २०५/४५ आर १७. व्यास सुमारे ६१६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास साडेतीन टक्के जास्त. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा साडेतीन टक्के अधिक वेगाने जात असते. बाजूची उंची मात्र ९२ मिलिमीटरवर आली. खड्डा गिळणारी उशी पातळ झाली आणि रिम वाकली. १९५/५० आर १६ घेतले असते तर व्यास केवळ १ टक्क्याने वाढला असता.

१८/ त्याच लेखात कालनिर्देशही सापडतो. शेवटच्या चार अंकी संख्येत पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आकाराशेजारी वेगमर्यादेचे अक्षर असते : एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर ताशी. ही मर्यादा योग्य हवा भरलेल्या, सुस्थितीतल्या टायरची आहे. कमी हवेचा टायर सतत अधिक वाकतो, तापतो आणि आतून दुबळा होतो. नागपूरच्या मे महिन्यात रस्ता आधीच तापलेला असतो.

१९/ हे सारे हौसेपुरते नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि सामान्य माणसाची गाडी तासन् तास ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेवर धावू लागली. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन विभागाच्या तपासणी अहवालाने ते नाकारले.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थांबावेसे वाटते. ‘टायर फुटला’ हे वाक्य कारण म्हणून फार सोयीचे आहे, कारण त्याने दोष निर्जीव वस्तूवर जातो आणि पुढचे प्रश्न बंद होतात. पण टायर खरोखर फुटला तरी प्रश्न उरतोच : त्यात हवा किती होती, तो किती जुना होता, त्याच्या ताकदीपलीकडे त्याला कोणी पळवले? साधन तपासल्यावाचून साक्ष स्वीकारू नये, हा आपला पहिला धडा महामार्गावरही लागू आहे.

२१/ तर मित्राच्या प्रश्नाचे उत्तर : मोठे चाक वाईट नाही आणि लहानही नाही. आधी काम ठरवावे. मूळ व्यासाच्या जवळ राहावे, रिम हलकी निवडावी, बाजूची उंची आपल्या रस्त्यांना साजेशी ठेवावी आणि पैसे उरले तर ते मोठ्या रिमऐवजी चांगल्या टायरवर खर्चावेत. त्याने जुनी चाके परत बसवली आहेत. अलॉय अजून गच्चीवर पडून आहेत.

२२/ ‘धाव’ म्हणजे पळणे आणि ‘धाव’ म्हणजे चाकाचे कडे. वाहन पळते ते या कड्याच्या आधाराने, हे आपल्या भाषेने एकाच शब्दात सांभाळून ठेवले आहे. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीच्या टायरवरचा लेख वाचा आणि त्याचा आठवडा-वर्ष खाली लिहा. सर्वांत जुना टायर कोणाचा निघतो ते पाहू. मात्र तो निघाला, तर आनंद मानू नका, बदलून घ्या.

(धागा समाप्त)