दुचाकीस्वाराच्या यादीची कुळकथा

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलस्वाराच्या टँक बॅगेत जी तपासणीची यादी, म्हणजे चेकलिस्ट, असते तिचे मूळ विमानतळावर सापडते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान लष्करी चाचणीसाठी उडाले, झपाट्याने वर चढले आणि कोसळले. चालवणारे मेजर प्लॉयर हिल मुरलेले वैमानिक होते. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीच्या पट्ट्या हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. हिल आणि बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर दोघेही या अपघातात दगावले. त्यानंतर वैमानिकांनी छोट्या कार्डावर मावेल अशी यादी तयार केली. तिच्या आधाराने हेच विमान पुढे ‘बी-१७’ म्हणून महायुद्धात गाजले. नवशिक्यापेक्षा हात बसलेल्या माणसालाच यादीची गरज जास्त, हे तेव्हापासून मान्य झाले.

दुसरी शाखा फौजेची. गाडी काढण्यापूर्वी ‘फर्स्ट परेड’, वाटेतल्या मुक्कामी ‘हॉल्ट परेड’ आणि परतल्यावर ‘लास्ट परेड’ ही ब्रिटिश लष्करातली तपासणीची शिस्त भारतीय सैन्यातही उतरली. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून अहिल्यानगरात आहे. पुण्याहून शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता याच शहरावरून पुढे जातो. दुचाकीपुरती स्वतंत्र यादी अमेरिकेतल्या मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनने रूढ केली. ‘टी-क्लॉक्स’ या तिच्या नावात टायर, कंट्रोल, लाइट, ऑइल, चासी आणि स्टँड ही सहा कलमे आहेत.

यादी कशी असावी याचा शास्त्रशुद्ध विचार जगापुढे मांडला तो एका मराठी घरातल्या मुलाने. शल्यविशारद अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेची १९ कलमांची शस्त्रक्रिया-यादी २००८ साली आली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादी आखूड असावी आणि ती वाचण्याची वेळ आधीच ठरलेली असावी, हा त्यांचा आग्रह.

शनिदर्शनाच्या याच वाटेचे उदाहरण घ्या. पुणे ते शिंगणापूर सुमारे १६० किलोमीटर. सकाळी घरून निघताना सगळे नीट पाहिले जाते. कंबर आखडली, ऊन चढले की तिसऱ्या थांब्यावर ‘असेल ठीक’ सुरू होते. यादी कामी येते ती तिथे. टायरची हवा मात्र प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजायची. धावून तापलेल्या टायरचा आकडा फुगलेला दिसतो. तेलाची काचेची खिडकी असलेली गाडी साइड स्टँडवर कललेली असेल तर पातळी चुकीची दिसते. ती सपाट जागी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पाहावी लागते. शनीला तेल वाहायला निघालेल्याने आधी ही खिडकी पाहिलेली बरी. साखळीची ढील मात्र अंदाजाने ठरवू नये, गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच धरावा.

शिंगणापुरात घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा आहे. यूको बँकेने २०११ मध्ये तिथे शाखा काढली तीही कुलपाविना. पार्किंगमध्ये गाडीला डिस्क लॉक मात्र बरेच जण लावतात. दर्शन घेऊन गडबडीत निघणारा ते काढायला विसरला, तर पहिल्या काही फुटांतच गाडी आडवी होते. चूक तीच, हिल यांच्या खिळीची. म्हणून ‘लॉक काढले’ हे कलम किल्ली फिरवण्याच्या आधीचे.

परतीचा प्रवास बहुधा अंधारात होतो. ऊसतोडीच्या हंगामात सोनई-घोडेगाव परिसरात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. पुढच्या दिव्याचा झोत, मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा घोडेगावच्या फाट्यावर थांबून तपासावेत, महामार्गाला लागल्यावर नव्हे.